एकच पिस्तूल, तीन भाव

कारखान्याने उत्पादन थांबवलं की दुसऱ्या दिवसापासून भाव चढतो. काल काचेआड धूळ खात पडलेलं पिस्तूल ‘आता मिळणार नाही’ एवढ्या तीन शब्दांवर उड्या मारू लागतं. पोलाद तेच, नळी तीच, चापही तोच. वस्तूत तसूभर फरक पडलेला नसतो. मला या भाववाढीचा राग येतो. तो का येतो हे एकाच पिस्तुलाच्या तीन देशांतल्या तीन गतींवरून सांगतो.

पिस्तुलाचं नाव ब्राउनिंग हाय-पॉवर. अमेरिकन बंदूककार जॉन ब्राउनिंग याने ते आखायला घेतलं, पण १९२६ साली बेल्जियममधल्या लिएज इथे, एफएन कंपनीच्या कारखान्यात काम करता करताच त्याचं निधन झालं. अर्धवट राहिलेलं काम त्याच कंपनीच्या द्यूदोने सेव्हने पुरं केलं आणि १९३५ साली बेल्जियमच्या सैन्याने ते पिस्तूल स्वीकारलं. बहुतेक लष्करी पिस्तुलांत सात-आठ काडतुसं बसत, त्या काळात याच्या मॅगझिनमध्ये तेरा मावत. काडतुसं एकाआड एक अशा दोन रांगांत बसवायची युक्ती, आणि तरीही मूठ हातात मावणारी. आज ही मांडणी इतकी सर्रास झाली आहे की तिचं श्रेय कुणाला द्यायचं हेही लोक विसरले.

पुढे दुसरं महायुद्ध आलं. जर्मनांनी कारखाना ताब्यात घेतला आणि हेच पिस्तूल आपल्या फौजेसाठी बनवून घेतलं. त्यांच्या हातून निसटून इंग्लंडला पोहोचलेल्या बेल्जियन तंत्रज्ञांनी आराखडे पुन्हा उभे केले आणि त्यावरून टोरांटोच्या जॉन इंग्लिस कंपनीने दोस्त राष्ट्रांसाठी १९४४-४५ मध्ये सुमारे दीड लाख पिस्तुलं बनवली. दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या कमरेला एकच हत्यार होतं. (पुढे याच इंग्लिस नावाची कपडे धुण्याची यंत्रं कॅनडातल्या घराघरांत गेली.) आपल्याकडेही ते आलं. भारतीय लष्कराचं ‘पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए’ हे याच इंग्लिस नमुन्यावर, पश्चिम बंगालमधल्या इच्छापूरच्या रायफल कारखान्यात बनलं.

आधी अमेरिकेचा बाजार.

२०१८ साली ब्राउनिंग कंपनीने हाय-पॉवर बंद केलं. ऐंशीहून अधिक वर्षं बनलेलं, पन्नासावर देशांच्या सैन्यांनी आणि पोलिसांनी वापरलेलं पिस्तूल. जगात त्याचे नग लाखोंनी पडले आहेत. म्हणजे ते दुर्मीळ नाही, कधीच नव्हतं. तरी भाव उसळला. ज्यांनी वर्षानुवर्षं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ते दोन-दोन, तीन-तीन घेऊन तिजोरीत ठेवू लागले. गोळी न झाडलेलं, मूळ खोक्यासकट, खोक्यावरचा क्रमांक पिस्तुलाशी जुळणारा, अशा नगाला वेगळा भाव. खोक्यासाठी, पुठ्ठ्याच्या खोक्यासाठी माणसं वेगळे पैसे मोजतात! याला संग्रह म्हणायची माझी तयारी नाही. ही साठेबाजी आहे. तांदळाची केली तर तिला आपण साठेबाजीच म्हणतो.

त्यातही शेवटच्या वर्षांत बनलेल्या नगांना जास्त मागणी, कारण ते ‘शेवटचे’. प्रत्यक्षात नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून या पिस्तुलाचा सांगाडा ओतीव पोलादाचा झाला, आधीचा घडीव असे. जुळणीही बेल्जियममधून पोर्तुगालला गेली होती. ओतीव सांगाडा कमकुवत असतो असं नाही. पण ज्या कारागिरीचं नाव घेऊन भाव सांगितला जातो ती साठच्या दशकातल्या नगांत आहे, शेवटच्या खेपेत नाही. क्रमांकाआधी ‘टी’ हे अक्षर असलेली त्या दशकातली पिस्तुलं एकदा हातात घेऊन बघावीत. काळसर निळ्या झिलईत खोली दिसते आणि स्लाइड मागे ओढताना कुठे अडत नाही. जाणकार तिथे पैसे घालतात, आणि बरोबर करतात.

मग जे व्हायचं तेच झालं. भाव चढलेला पाहून इतर कंपन्या धावल्या. २०२१ मध्ये स्प्रिंगफील्ड आर्मरीने याच धाटणीचं पिस्तूल ६९९ डॉलरला आणलं. तुर्की कारखान्यांनी आपापल्या आवृत्त्या काढल्या. पुढच्याच वर्षी खुद्द एफएनने जुनंच नाव देऊन नवं पिस्तूल बाजारात ठेवलं, किंमत १,२६९ डॉलर. आतली रचना इतकी बदललेली की जुने सुटे भाग त्याला चालत नाहीत. चार वर्षांपूर्वी ज्यांनी घाबरून चढ्या भावात माल उचलला होता त्यांचं काय? एखाद्या वस्तूला खरंच मागणी असेल तर ती फार काळ बंद राहत नाही. ज्याला नेमबाजीसाठी हवं होतं त्याने थांबायला हवं होतं. ज्याला इतिहास हवा होता त्याने जुनं घ्यायला हवं होतं. घाईने घेतलेल्यांच्या हाती यांतलं काहीच आलं नाही.

कोल्ट पायथनची गोष्ट वेगळी, म्हणून तिला वेगळा न्याय. हे रिव्हॉल्वर १९५५ साली १२५ डॉलरला बाजारात आलं. त्याचे आतले भाग कारागीर एकेक करून हाताने घासून बसवत. असे कारागीर निवृत्त होत गेले, खर्च झेपेना, आणि शतक संपता संपता नेहमीचं उत्पादन थांबलं. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘द वॉकिंग डेड’ मालिकेच्या नायकाच्या हातात पायथन दिसलं आणि भाव आणखी भडकला. २०२० च्या जानेवारीत कोल्टने ते पुन्हा आणलं, १,४९९ डॉलरला. यंत्रावर कोरून काढलेले भाग, मजबूत, चांगलं हत्यार. तरीही जुन्याचा मान टिकला, आणि तो टिकायलाच हवा. तिथे मोजले जाणारे पैसे एका माणसाच्या कानसीचे आहेत. तो माणूस आता नाही आणि त्याच्या जागी कुणी शिकलेलं नाही. मालिका बघून पैसे मोजणाऱ्याला हे ठाऊक नसतं हे दुःख आहे, पण किंमत खोटी नाही.

स्वस्तात मिळवायचं तर कुठे? अमेरिकेत याचं खरं उत्तर नेहमी एकच राहिलेलं आहे: पोलिसांनी टाकलेल्या मालात. जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीचं पी-७ घ्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जर्मन पोलिसांसाठी बनलेलं, मुठीचा पुढचा भाग आवळला की सज्ज होणारं, सोडला की सुरक्षित होणारं विलक्षण पिस्तूल. पोलिसांनी ते काढून टाकलं तेव्हा वापरलेले नग अमेरिकेत काहीशे डॉलरांत मिळत होते आणि लोक नाक मुरडत होते. कारण झिलई उडालेली, मुठीवर ओरखडे. २००८ मध्ये उत्पादन थांबलं. आज तेच ओरखड्यांचे नग हजारांत जातात आणि ओरखड्यांना ‘सेवेच्या खुणा’ म्हणतात. हाय-पॉवरच्या बाबतीतही तेच घडलं. ब्राउनिंग कंपनीने उत्पादन थांबवल्यानंतरच्या काही वर्षांत इस्राएलच्या पोलिसांनी वापरून काढलेली हाय-पॉवर पिस्तुलं घाऊक आली. होल्स्टरमध्ये घासून रंग गेलेला, पण गोळ्या फार थोड्या झाडलेल्या, त्यामुळे नळ्या उत्तम. ज्यांनी रूप सोडून नळी पाहिली त्यांना माल मिळाला.

टेक्सासमधल्या एका गन शोमध्ये असा एक नळी पाहणारा माणूस मी जवळून पाहिला. मोठं पत्र्याचं सभागृह, लांबच लांब टेबलं, प्रत्येक हत्याराच्या यंत्रणेतून घातलेली प्लॅस्टिकची पट्टी. एका टेबलावर साठच्या दशकातलं हाय-पॉवर होतं, गोल छिद्राच्या घोड्याचं. म्हाताऱ्याने आधी विक्रेत्याची परवानगी मागितली. मग चष्मा कपाळावर सारून पिस्तूल डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरलं. किमतीची चिठ्ठी त्याने वाचलीच नाही. सांगाडा, स्लाइड, नळी, तिन्हींवरचा क्रमांक त्याने जुळवून घेतला. मग पिस्तूल दिव्याखाली तिरकं धरून कोरलेल्या अक्षरांच्या कडांवरून नखाचं टोक फिरवलं. अक्षरं धारदार असतील तर झिलई मूळची. कडा विरघळल्यासारख्या गुळगुळीत लागल्या तर कुणीतरी पॉलिश करून पुन्हा निळं केलेलं, आणि मग भाव निम्म्यावर. एका अक्षराच्या कोपऱ्यात नख थांबलं. त्याने काही न बोलता पिस्तूल खाली ठेवलं, विक्रेत्याचे आभार मानले आणि पुढे गेला. दहा मिनिटांनी दुसरा, विशीतला मुलगा आला, फोनवर चढते भाव दाखवणारं काहीतरी उघडलेलं, आणि सांगितलेल्या किमतीला तेच घेऊन गेला. घासाघीससुद्धा केली नाही, कारण ‘पुढच्या वर्षी याहून महाग’ हे त्याला पाठ होतं.

त्या मुलाला कुणी फसवलं नाही. विक्रेत्याने मूळची झिलई आहे असं म्हटलंही नव्हतं. पण ज्या बाजारात शिकलेला माणूस हात मागे घेतो आणि न शिकलेला पुढे करतो, त्या बाजाराचा भाव कुणी प्रमाण मानू नये. हीच गत बनावट शिक्क्यांची. जर्मन ताब्यातल्या काळातल्या पिस्तुलांवरचा गरुडाचा शिक्का किंमत वाढवतो, म्हणून तो नंतर ठोकून बसवणारे महाभाग आहेत. नाझी शिक्क्यासाठी जास्त पैसे मोजायची हौस मला मुळातच कळत नाही. तो शिक्का कुणाच्या छळावर उमटला हे विसरून कपाटात मिरवायची वस्तू नव्हे ती.

अमेरिकेतल्या अभ्यासू संग्राहकासाठी एक चांगली सोय मात्र आहे. पन्नास वर्षांपूर्वी बनलेल्या हत्यारांसाठी तिथे संग्राहकाचा वेगळा परवाना मिळतो, तीन वर्षांना तीस डॉलर. एरवी परराज्यातून घेतलेलं पिस्तूल परवानाधारक दुकानदाराकडेच यावं लागतं आणि तिथे पार्श्वभूमीची तपासणी होते. हा परवाना असेल तर जुनं पिस्तूल थेट घरी मागवता येतं, मात्र प्रत्येक खरेदीची नोंदवही ठेवावी लागते. दर वर्षी आणखी एका वर्षाचा माल पन्नाशी ओलांडतो. नोंद ठेवणारा माणूस वाचतो, वाचणारा माणूस कमी फसतो. घाईच्या बाजारात मला दिसलेली ही एकमेव शहाणी रांग.

आता कॅनडा. जिथे दीड लाख इंग्लिस पिस्तुलं जन्मली तो देश. त्यांतली बरीचशी चीनसाठी होती. अशा नगांवर स्लाइडच्या डाव्या बाजूला ‘चिनी प्रजासत्ताकाची मालमत्ता’ अशा अर्थाची सहा चिनी अक्षरं कोरलेली दिसतात आणि मागच्या बाजूला ५०० मीटरपर्यंतचं सरकतं माप. पिस्तुलाने ५०० मीटरवर नेम कोण धरणार, हा प्रश्न वेगळा. पण टोरांटोच्या कारखान्यापासूनचा युद्धाचा सगळा नकाशा त्या एका वस्तूवर आहे. इतिहास शिकवणाऱ्याला याहून चांगलं साधन सापडणार नाही.

२१ ऑक्टोबर २०२२ पासून कॅनडाने पिस्तुलं-रिव्हॉल्वरांची खरेदी, विक्री, हस्तांतरण गोठवलं. आहे ते ठेवा. पण काही अपवाद सोडले तर एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे ते जाणार नाही. बापाने मुलाला दिलं तरी चालणार नाही. जी वस्तू सीमेपलीकडे हौशी लोक धडपडून मिळवतात तिला जन्मगावी गिऱ्हाईकच उरलं नाही. सरकारचा हेतू मी समजू शकतो. शहरांत पिस्तुलाने माणसं मरत असताना ‘आमच्या छंदाचं काय’ हा सूर मला शोभणारा वाटत नाही. पण १९४४ चं क्रमांकाने नोंदलेलं पिस्तूल आणि टोळीवाल्याच्या खिशातलं चोरटं पिस्तूल एका मापाने मोजलं, याची टोचणी लागतेच. मालक गेल्यावर या वस्तूंचं काय होणार, याचं उत्तर निदान संग्रहालयांना सोबत घेऊन आधी ठरवायला हवं होतं.

आणि आपण.

आपल्याकडे ९ एमएम हे प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं माप. लष्कराच्या अधिकाऱ्याच्या कमरेला असलेलं हाय-पॉवरचं इच्छापुरी भावंड नागरिकाला परवान्यावरही मिळत नाही. नागरिकाच्या वाट्याला बहुतेक ०.३२ बोअर. त्यात विदेशी पिस्तुलांची व्यापारी आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे, नामांकित नेमबाजांचा अपवाद सोडून. म्हणजे त्याआधी जे वॉल्थर, वेब्ली, कोल्ट आले तेच फिरत राहतात, या परवान्यावरून त्या परवान्यावर. अमेरिकेत काहीशे डॉलरांत मिळणारं जुनं ०.३२ वॉल्थर आपल्याकडे लाखांत बोललं जातं. ज्या पिस्तुलाकडे तिकडचा संग्राहक वळूनही पाहणार नाही त्याला इथे सोन्याचा भाव. वस्तू दुर्मीळ असल्याचा हा भाव नाही, तो बंद दरवाजाचा आहे. दरवाजासुद्धा सर्वांना सारखा बंद नव्हता. सीमाशुल्क खात्याने जप्त केलेली विदेशी पिस्तुलं खासदारांना आणि अधिकाऱ्यांना नेमलेल्या माफक भावात मिळत असत. रांगेतला परवानाधारक बाहेर उभा. हे मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं, आजही वाटतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आयात खुली करा, पिस्तुलं स्वस्त करा, अशी माझी मागणी नाही. पिस्तूल माणूस मारण्यासाठी घडवलेली वस्तू आहे आणि ते सहज मिळू नये या मताचा मी आहे. माझी तक्रार दुसऱ्या टोकाची आहे. लाखांचा भाव बोलणारा हाच समाज त्याच पिस्तुलाचे हाल करतो, त्याची.

सांगली जिल्ह्यातल्या एका घरातलं वेब्ली अँड स्कॉट मी पाहिलं आहे. बर्मिंगहॅमचं, ०.३२ बोअरचं, लंडनच्या पोलिसांनी एकेकाळी वापरलेल्या नमुन्याचं. आजोबांच्या परवान्यावरचं. आजोबा गेले, पिस्तूल ठाण्यात जमा झालं, मुलांमध्ये परवाना कुणी घ्यायचा यावर एकमत होईना, वर्षं गेली. परत मिळालं तेव्हा कापडाच्या पिशवीत होतं. मुठीच्या काळ्या कवचाला चीर गेलेली. या पिस्तुलाची मुख्य स्प्रिंग मुठीच्या आतच असते, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी दुमडलेली, आणि ती दमट हवेत लाल पडली होती. नळीत बोट घातलं तर टोकाला गंजाची भुकटी. नातवाला दुकानदाराने सांगितलेली किंमत ऐकायची होती. मी नळी पुन्हा पाहिली आणि काही बोलू शकलो नाही. त्या पिस्तुलाला फक्त वर्षाकाठी तेलाचं एक बोट हवं होतं.

ठाण्याचा दोष काढून प्रश्न सुटत नाही. गोदामात ठेवलेल्या हत्याराला तेल लावणं हे त्यांचं काम नाही, त्यांची माणसं दुसऱ्या शंभर कामांत अडकलेली. पण कायद्यात वाट आहे. शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमानुसार परवाना संपलेलं किंवा मालक गेलेलं हत्यार पोलीस ठाण्यातच ठेवावं असं नाही, परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडेही जमा करता येतं. विक्रेता भाडं घेतो, पण हत्यार पुसतो, कोरड्या जागी ठेवतो. वारसाने ठरलेल्या मुदतीत हालचाल केली नाही तर ते सरकारजमा होऊ शकतं, हेही त्याच कलमात आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, वारशाने आलेलं धरून. म्हणजे ज्या घरात आधीच दोन आहेत तिथे आजोबांचं तिसरं कुणाच्या नावावर जाणार हे आजोबा असतानाच ठरायला हवं.

तेव्हा घरात असं जुनं पिस्तूल असेल तर बाजारभाव विचारायच्या आधी परवान्याची तारीख बघा. वारस कोण ते कागदावर ठरवा, अर्ज वेळेत जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तालयाकडे द्या. जमा करायची वेळ आलीच तर विक्रेत्याकडे करा, पावतीवर कारखान्याचं नाव, क्रमांक आणि अवस्था लिहून घ्या. झिलई गेली म्हणून कुणाकडून पॉलिश करून घेऊ नका. आणि घरात कुणालाच ते नको असेल तर पहिल्या भावाला विकण्याआधी एखाद्या वस्तुसंग्रहालयाला पत्र लिहून विचारा.